आजीच्या मळ्यातला बाक

हडपसर मागे टाकून सोलापूर रस्त्याला लागलं, की उजव्या हाताला ती आजी दिसायची. न दिसून सांगते कुणाला? पाय पसरून बसलेली, तरी चार मजल्यांच्या उंचीची. अंगावर हिरवं नऊवारी, नाकात बैलगाडीच्या चाकाएवढी नथ, आणि मांडीवर एक पिशवी, जिच्यात एखादी रिक्षा सहज मावली असती. जयसिंगशेठने उसाची अर्धी जमीन कंपन्यांना विकली आणि उरलेल्या अर्ध्यात ही फायबरची आजी बसवून भोवती बाग काढली. पाळणे, छोटी आगगाडी, झुणका-भाकर, आणि तिकीट काढून बैलगाडीची चक्कर. ज्यांनी मोटारी घेताना बैल विकले, तेच लोक रविवारी मोटारीतून येऊन त्या बैलगाडीत बसायचे. नाव होतं 'आजीचा मळा'. पोरं पाठीतल्या जिन्याने आजीच्या पोटात शिरायची, कानाच्या भोकातून कंपन्यांच्या नव्या काचेच्या इमारती बघायची आणि मांडीवरून घसरत तिच्या पायाशी बाहेर पडायची.

तो काळच संगणकाचा. विश्रांतवाडीतल्या एकेका सोसायटीतून दर महिन्याला कोणी ना कोणी अमेरिकेला उडत होतं, आणि आता पाळी आनंदची आली होती. आनंद, त्याची बायको भाग्यश्री आणि लेक सृष्टी, तिघांची तयारी चालली होती. चौथ्या विमलाबाई, आनंदच्या आई. जन्मभर विदर्भात, आर्वीच्या शाळेत गणित शिकवलेल्या. विश्रांतवाडीचा फ्लॅट घेताना त्यांनी आर्वीचं घर विकलं, तेव्हा परत जायला आता तिकडे उंबरासुद्धा नव्हता.

भाग्यश्री फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती ते त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "आईंची सोय बघितलीय. आळंदी रस्त्याला. छान आहे गं, बाग वगैरे आहे." सोय. घरात जास्तीची गादी झाली तर बघतात तशी. त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी कोणी काही बोललं नाही. जेवताना आनंद ताटात बघायचा, जेवणानंतर टीव्हीत. शनिवारी मात्र म्हणाला, की उद्या सगळे फिरायला जाऊ, तिथे निवांत बोलू.

विमलाबाईंना काय बोलणार ते ठाऊक होतं. आपण 'बरं बाप्पा' म्हणायचं, हेही ठरलं होतं. त्यांचं मागणं एवढंच होतं, की पोरानं आपल्या तोंडाकडे बघून ते सांगावं.

फाटकापाशी गाडी लावून आनंदने मान वर केली आणि म्हणाला, "आई, बघ. डिट्टो तू." शेजारच्या गाडीतून कॅम्पातलं एक कुटुंब उतरत होतं. त्यातला इम्तियाज नावाचा माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला सांगत होता, "अम्मी, हुबेहूब आप." दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एक काळी, उंच, हाडकुळी. दुसरी गोरी, ठेंगणी, गोल. इम्तियाजच्या आई, मेहरुनबी, हसल्या. विमलाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वर पाहिलं. त्यांना तो चेहरा कुणासारखाच वाटला नाही. सारवून ठेवलेल्या भिंतीसारखा होता. रस्त्याकडे बघत बसलेला.

आत गेल्यागेल्या पाटी होती. पुण्याची पाटी, ती काय भीड ठेवणार? 'ज्येष्ठांना प्रवेश मोफत. ज्येष्ठ व पिशव्या यांची सोय बाकावर केली आहे. आपापले नेताना खात्री करून घ्यावी. अदलाबदल झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.' आनंदने ती मोठ्याने वाचली आणि सगळे हसले. विमलाबाईसुद्धा.

आजीच्या पायाशी सिमेंटचा लांबलचक बाक होता. त्यावर घरोघरची म्हातारी माणसं रांगेने बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर आणि पायाशी पिशव्या. भाग्यश्रीने डब्यांची पिशवी, सृष्टीच्या कपड्यांची पिशवी आणि टॉवेलांची थैली विमलाबाईंपाशी ठेवली. "एवढं बघाल ना आई? आलोच."

"आत दमशील तू," आनंद म्हणाला. "आलो की बोलू."

तेही तो पिशव्यांकडे बघतच म्हणाला.

मे महिना होता, पण बाकावर आजीची गार सावली होती. एका बाजूला मेहरुनबी होत्या. त्यांची नात आयेशा घटकेघटकेला पळत यायची, कधी लस्सी घेऊन, कधी नुसतीच गालाला गाल लावायला. दुपारच्या आत ते लोक त्यांना उठवून घेऊनही गेले. दुसऱ्या बाजूला मांजरी गावचे कोंडीराम होते, धोतर-टोपीतले. गप्पांत त्यांनी सांगितलं, की आपल्याला सगळ्या लेकीच, पोरगा नाही. धाकट्या लेकीबरोबर आलोय. त्यांच्यापलीकडे पेठेतल्या मंदाकिनीबाई, काठापदराचं इस्त्रीचं पातळ, मांडीवर निळी रेक्झिनची पिशवी.

थोड्या वेळाने दोन तरुण आले. जीन्स, डोक्यावर उलट्या टोप्या. त्यांनी कोंडीरामांच्या पायाशी असलेली थैली उचलली आणि म्हणाले, "पप्पा, चला, पार्किंगमधून गाडी काढायचीय." कोंडीरामांनी त्यांच्याकडे पाहिलं, क्षणभर टोपी चाचपली, आणि उठून गेले. जाताना एकाच्या खांद्यावर हात ठेवला.

विमलाबाई म्हणाल्या, की अहो, ह्यांना तर मुलगा नव्हता.

"मग आता झाला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्यात एवढं डोळे फाडण्यासारखं काय आहे? माणसं पिशवी ओळखतात हो. पिशवीमागे जे बसलं असेल ते आपलं. माझंच बघा. पहिल्या घरी लिफ्ट नव्हती. दुसऱ्या घरी सून गुणाची, पण भाजीत साखर घालायची. हे तिसरं. मुलगा चांगला आहे, पण फार माया करतो. उठता-बसता 'आई, आई'. मला बाई गुदमरतं."

म्हातारी चळली आहे, असं विमलाबाईंनी मनात नोंदवलं. पेठेत असतात अशी. मग वेळ जावा म्हणून त्या सावलीकडे बघत बसल्या, आणि गणिताच्या मास्तरणीला एक चूक सापडली. सकाळी ऊन पाठीमागून होतं, तेव्हा सावली बाकावर पडणं रास्त होतं. आता ऊन समोर आलं होतं. फुलझाडांच्या, पाळण्यांच्या, आइस्क्रीमच्या गाडीच्या सावल्या फिरून पार दुसरीकडे गेल्या होत्या. बाकावरची मात्र जिथल्या तिथे होती. त्यांनी मान वर केली.

सकाळी आजी रस्त्याकडे बघत होती. आता तिची हनुवटी खाली आली होती. बाकाकडे.

उंचीमुळे तसं वाटत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण पुन्हा वर बघितलं नाही.

आगगाडी समोरून दोनदा गेली. आनंदने डब्यातून हात हलवला. विमलाबाईंनीही हलवला, आणि त्याच क्षणी त्यांना वाटून गेलं, की हा हात आपल्याला नव्हता. पिशव्या जागेवर आहेत ना, ते बघून झालं होतं. सारं आयुष्य ज्या बाईनं कुणावर रुसून बघितलं नव्हतं, तिला या वयात रुसवा सुचला. पोर येईल, आपण जागेवर नसू, पाच मिनिटं शोधेल, घाबरेल. तेवढंच. मग भेटू, मग सांगू देत काय सोय बघितलीय ती.

त्यांनी पिशव्या मंदाकिनीबाईंकडे सरकवल्या आणि जरा बघायला सांगितलं, पाय मोकळे करून येते म्हणून. हातात फक्त पाण्याची बाटली घेतली, ती भरायला.

"परीक्षा घेताय का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. "घ्या. मीही घेतली होती एकदा."

त्या बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, नळाजवळ जाऊन बसल्या. हाकेच्या अंतरावर. लपल्यासुद्धा नव्हत्या.

आनंद आला.

त्याने पिशव्या पाहिल्या. एक, दोन, तीन, असं बोट फिरवलं. मग म्हणाला, "आई, चल. उशीर झाला."

मंदाकिनीबाई उठल्या.

भाग्यश्रीने त्यांच्या कोपराला आधार दिला. विमलाबाईंच्या कोपराला तिने कधी हात लावला नव्हता. सृष्टीने त्यांचं बोट धरलं.

विमलाबाईंना आधी हसूच आलं. थट्टा करताहेत सगळे मिळून. मग ती चौघं फाटकाच्या दिशेने चालायला लागली, आणि त्या उठल्या.

"आनंद."

तो थांबला. मागे वळला. चार पावलं परत आला आणि त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नीट, सरळ, आठवडाभरात पहिल्यांदा.

"काय काकू?" तो म्हणाला. "तुमच्याबरोबरचं कोणी सापडत नाहीये का?"

आवाजात काळजी होती. खरी होती.

कितीतरी गोष्टी त्यांच्या जिभेवर आल्या. त्याच्या हनुवटीवरची खूण कशाची, ते सांगता आलं असतं. तो पाळण्यात असताना त्या कोणतं गाणं म्हणायच्या, ते सांगता आलं असतं. पण जन्म दिलेल्या पोराला आपली ओळखपाळख काय म्हणून पटवून द्यायची?

"तुमची बाटली राहिली," त्या म्हणाल्या.

"थँक्यू, काकू."

सृष्टीने वळून पाहिलं. लहान पोरं पटकन ओळखतात म्हणतात. तिनं विमलाबाईंकडे पाहिलं, बोट धरलेल्या आजीकडे पाहिलं, आणि ते बोट आणखी घट्ट धरलं.

जाता जाता आनंदचे शब्द कानावर आले. "आई, तुझ्याशी एक बोलायचं होतं." बराच वेळ तो मान खाली घालून काहीतरी सांगत राहिला. मग पेठेतल्या त्या बाईचं उत्तर ऐकू आलं.

"बरं बाप्पा."

आर्वीच्या हेलात. विमलाबाईंच्या आवाजात.

फाटकावरच्या रखवालदाराला त्यांनी गाठलं. माझा मुलगा दुसऱ्याच बाईला घेऊन गेला, असं सांगितलं. त्याने सुपारी चघळणं न थांबवता हाताने पाटी दाखवली.

त्या परत आल्या. दुसरं जाणार कुठे? दिवेलागणीची वेळ झाली होती. पाळणे थांबले होते, बाक रिकामा झाला होता. निळी रेक्झिनची पिशवी तेवढी राहिली होती. उभं राहवेना, म्हणून त्या तिच्याशेजारी बसल्या. पडून जाईल म्हणून तिला हात लावला.

तेवढ्यात आगगाडीच्या बाजूने एक माणूस धावत आला. त्याच्यामागे त्याची बायको.

"आई, अगं किती शोधायचं तुला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळी बाग पालथी घातली. सुनीती तर रडायलाच लागली."

सुनीतीने पदराने त्यांचा घाम पुसला.

विमलाबाई सांगणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण त्यांना शोधत कोणी धावत आल्याला किती वर्षं झाली होती, कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "अहो, मी..." आणि सुनीती म्हणाली, की असू दे आई, सगळं घरी बोलू. विमलाबाईंनी पिशवी खांद्याला लावली, तर तिचा पट्टा जिथे बसायचा तिथे बरोबर बसला, जसा रोजचाच.

आजीच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सावली आता बाकावर नव्हती.

गाडी हडपसरच्या गर्दीत शिरली. भाजीवाल्यांच्या बत्त्या, रिक्षा, कंपन्यांच्या बस. विमलाबाईंनी मन घट्ट केलं. आनंदच्या घरी जायचं, दारातच उभं राहायचं, आणि त्या बाईसमोरच विचारायचं.

"मला विश्रांतवाडीला सोडा," त्या म्हणाल्या.

पुढच्या सीटवरची दोघं एकमेकांकडे बघून हसली. प्रेमानेच.

"विश्रांतवाडीला?" त्याने आरशातून विचारलं. "तिथे आपलं कोण आहे, आई?"

विमलाबाई उत्तर द्यायला पुढे सरकल्या. पूल चढला, पूल उतरला. सुनीतीने मागे वळून काच थोडी वर केली, वारा लागू नये म्हणून.

त्यांनी मनापासून आठवून पाहिलं.

"कोणी नाही रे," त्या म्हणाल्या.