उजवी मूठ

"त्या मुलीला सांगा, माझ्या फटफटीला हात लावायचा नाही!"

संभाजीराव भोईटे हे बोलले तेव्हा राजलक्ष्मीचं कुंकवात बुडालेलं बोट फटफटीच्या दिव्यापाशी पोचलंच होतं... ते तिथंच थिजलं. खंडेनवमीचा दिवस! शिंदे की छावनी या वस्तीतल्या त्या घराच्या अंगणात तलवार, भाला, जुनं खोगीर, रिकिबी अशी सारी आयुधं पाटावर मांडलेली, आणि मधोमध झेंडूची माळ घालून नव्या नवरीच्या तोऱ्यात उभी असलेली ती खाकी फटफटी! आईनं तिला कुंकू लावलं, दहा वर्षांच्या मधूनं लावलं. घरच्या थोरल्या लेकीनं तेवढं लावायचं नाही! आणि तेही तिला सरळ सांगायचं नाही. ती समोर उभी असताना तिच्या आईला सांगायचं, "त्या मुलीला सांगा..."

"अहो, आज सणाचं तरी..." विजयाबाई पुटपुटल्या.

"सण आहे म्हणूनच शब्दांवर भागवतोय."

राजलक्ष्मीनं बोटाचं कुंकू हलकेच खोगीराच्या कडेला लावलं आणि ती आत निघून गेली. डोळ्यांत पाणी आलं नाही. ते इतक्या वेळा आलं होतं, की आता त्यालाच येण्याचा कंटाळा आला असावा.

एके काळी याच मुलीला याच बापानं फटफटीवर बसवलं होतं, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण ते खरं आहे.

संभाजीराव मूळचे संस्थानच्या रिसाल्यातले घोडेस्वार. त्यांची सगुणा नावाची घोडी होती. ती संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत चंदीला तोंड लावत नसे, असं ते देवाशपथ सांगत. आणि ऐकणाऱ्यानं मान हलवली नाही, तर ती एकादशीही धरायची अशी पुरवणी जोडत. पुढं संस्थानं विलीन झाली, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, आणि एके दिवशी रिसालाच मोडला. सगुणा इतर घोड्यांबरोबर मालगाडीत चढली आणि कुठं गेली, ते कुणालाच कळलं नाही. संभाजीरावांच्या पदरी एक नोकरी आली, सरकारी कचेऱ्यांमधून टपाल पोचवण्याची. आणि त्या नोकरीसाठी आली लष्कराच्या लिलावातली ही फटफटी. ती सुरू झाली की किल्ल्यावरची कबुतरं उडून थेट दतियाला जाऊन बसतात आणि येताना वाट चुकतात, अशी दाना ओलीच्या पेठेत तिची ख्याती होती. संभाजीराव तिला 'धाकटी सगुणा' म्हणत. पेट्रोलला चंदी म्हणत.

आणि पोरीला ते फटफटी शिकवत होते ती घोड्यासारखी! आधी ओळख, मग स्वारी. राजलक्ष्मी तेव्हा बारा वर्षांची. कित्येक दिवस तिनं फटफटीला नुसती अंघोळ घालायची, पुसायची, तिच्याशी बोलायचं. मग स्टँडवर उभ्या असलेल्या फटफटीवर हँडल न धरता बसायचं. दोन्ही गुडघ्यांखाली पिंपळाचं एकेक पान, आणि पान पडलं की खाली उतरायचं. "हातांनी कुणीही बसतो, राजा! स्वार गुडघ्यांनी बसतो!" बाप गरजे. महिनाभरात राजाचं पान पडेनासं झालं, आणि पावसाळा सरता सरता ती कंपू भागातल्या मैदानावर एकटी चकरा मारू लागली.

"भाऊजी, मुलीला फटफटी शिकवता?" शेजारच्या लीलाताई म्हणाल्या होत्या. "उद्या ती मिशा मागेल!"

"माझ्या देईन, वहिनी! पण स्वाराच्या घरची पोर पायी चालायची नाही."

केवढा अभिमान होता तो! आणि मग आली ती अभागी संध्याकाळ...

पाच वर्षांचा मधू हट्टाला पेटला होता, मलाही बसवा. संभाजीरावांनी त्याला पुढं टाकीवर घेतलं, सीटवर राजाला बसवलं, आणि मधू आहे म्हणून स्वतः तिच्या मागं बसून तिच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. मैदानाची एक चकर झाली, दुसरी झाली... आणि कडुलिंबाच्या आडून एक म्हैस सरळ समोर आली.

"हो! हो!" संभाजीराव ओरडले, आणि उभ्या जन्मात संकट आलं की त्यांच्या हातांनी जे केलं होतं तेच त्यांच्या हातांनी केलं. दोन्ही मुठी छातीकडे खेचल्या! घोडा असता तर जागच्या जागी थांबला असता. पण ती फटफटी होती. तिची उजवी मूठ मागं पिळली गेली की तिचा वेग वाढतो. धाकटी सगुणा गरजली, उसळली, म्हशीला चुकवून कडुलिंबावर आदळली... आणि मधूचा डावा पाय तिच्याखाली आला.

लोक धावले. धुळीतून उठत, मधूला छातीशी कवटाळत, संभाजीराव लेकीवर कडाडले, "मूठ का पिळलीस, पोरी? मूठ का पिळलीस?"

राजलक्ष्मीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या मुठींवर त्यांचे हात होते. कुणी ओढलं ते तिच्या मनगटांना ठाऊक होतं. पण त्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता! त्या माणसाला खरोखरच वाटत होतं, की आपण लगाम खेचला आणि मुलीनं घात केला. रिसाला गेला, घोडी गेली, अंगावरचा गणवेश गेला. 'मी स्वार आहे' एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी उरली होती. तीही आपण हिरावून घ्यायची? त्या बारा वर्षांच्या हृदयानं त्या क्षणी काय ओळखलं असेल, देव जाणे...

"चुकले, आबा," ती म्हणाली.

झालं! त्या एका शब्दावर पाच वर्षं उभी राहिली. मधूचा पाय जुळला, पण आखूड जुळला. आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एक चांगलं स्थळ आलं होतं, तेही मागं फिरलं. भावाला अधू करणारी मुलगी म्हणे नको. आई मायेनं वागे, पण मधूचा पाय चोळता चोळता तिच्या तोंडून एखादा सुस्कारा निघे, आणि तो सुस्कारा राजाच्या काळजाला शिवीसारखा लागे. फक्त मधू... त्याला काहीच आठवत नव्हतं. तो आपला दिवसभर "ताई, ताई" करत लंगडत तिच्या मागं फिरायचा.

आणि आता, या खंडेनवमीला, नवीच गोष्ट घडत होती. मध्यभारतही आता उरणार नव्हता. नवं मध्यप्रदेश राज्य होत होतं, राजधानी भोपाळला चालली होती, आणि कचेऱ्यांची कपाटं ट्रकांत चढत होती. संभाजीरावांनाही भोपाळचा हुकूम आला होता. आरती संपताच मधूनं बापाचा हात धरला.

"आबा, तुम्ही भोपाळला चालले जाल. मग मला फटफटी कोण शिकवणार? उद्या दसरा आहे, उद्याच शिकवा ना! पक्का?"

संभाजीरावांनी त्याच्या पायाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "पक्का," ते म्हणाले. "कंपूवर जाऊ. तू पुढं, मी मागं."

आत, स्वयंपाकघरात, राजलक्ष्मीच्या हातातलं लाटणं थांबलं.

तू पुढं, मी मागं... तेच हात! त्या हातांना अजून ठाऊक नव्हतं की ते काय करतात. रोज टपाल नेताना ते एकटेच असत. रस्ते ओळखीचे, वेग बेताचा. पण पोर पुढ्यात असलं, जीव घाबरला, आणि अवचित काही आडवं आलं तर? आजवर तिच्या मौनानं फक्त तिचं नुकसान झालं होतं. उद्या ते मौन मधूच्या जिवावर उठणार होतं! बोलावं, तर बाप मोडतो. बोलू नये, तर भाऊ...

"आई," ती कशीबशी म्हणाली, "मधूला आबांबरोबर पाठवू नकोस."

विजयाबाई वळल्या. "तू सांगतेस हे? तू?"

"आई, तुला माहीत नाही..."

"मला एवढं माहीत आहे की आज कितीतरी दिवसांनी ते माझ्या लेकाशी हसून बोलले. राजा, तुझ्या हातून झालं ते झालं, मी तुला कधी बोलले नाही. पण आता त्यांच्या आड येऊ नकोस गं, माझी आई!"

राजलक्ष्मीनं मान खाली घातली. पोळी तव्यावर करपली.

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलताच संभाजीराव मधूला घेऊन निघाले. पाठोपाठ, न बोलावता, राजलक्ष्मीही मैदानावर पोचली आणि थोडी दूर उभी राहिली. संभाजीरावांनी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी फटफटी स्टँडवर चढवली, स्वतः वर बसले, इंजिन सुरू केलं, गिअर टाकला. मागचं चाक हवेत संथ फिरू लागलं. मधू शेजारी उभा राहून डोळे विस्फारून बघत होता.

"हे बघ, ही उजवी मूठ. हिच्यात सगळा जीव आहे. घाबरलास की ही सोडून द्यायची. पिळायची नाही, ध्यानात ठेव." संभाजीरावांचा स्वर कडवट झाला. "तुझ्या बहिणीनं पिळली होती."

राजलक्ष्मीच्या छातीत काहीतरी तुटलं. दोष ऐकून ती तुटली नाही. त्याची तिला सवय होती. पण मधूनं वळून तिच्याकडे पाहिलं... पहिल्यांदाच, वेगळ्या नजरेनं पाहिलं. आणि दुसऱ्याच क्षणी तो निरागसपणे, "मी नाही पिळणार, आबा!" म्हणत टाकीवर चढायला पुढं सरसावला.

आता नाही तर कधीच नाही!

लहानपणी आबांच्या मांडीवर बसून ऐकलेला, रिसाल्यातले घोडे जागच्या जागी रोखणारा तो हुकूम तिनं छाती भरून, सगळं मैदान दणाणेल असा दिला...

"थम!"

संभाजीरावांच्या दोन्ही मुठी विजेसारख्या छातीकडे आल्या. फटफटीनं आकाश फाडणारी डरकाळी फोडली, हवेतलं चाक भिंगरीसारखं सुसाटलं, धुळीचा लोट उठला, मधू दचकून मागं पडला... आणि घोडेस्वार संभाजीराव भोईटे छातीशी आवळलेल्या, करकचून पिळलेल्या आपल्या उजव्या मुठीकडे बघत राहिले.

मूठ सुटली. इंजिन विझलं. चाक फिरत फिरत थांबलं.

संभाजीराव ती मूठ उघडत होते, मिटत होते, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"राजा..." पाच वर्षांनी त्या ओठांवर ते नाव आलं, तेही ओळखू न येण्याजोग्या आवाजात. "तुला... ठाऊक होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"त्याच दिवशी?"

"तुमचे हात माझ्या हातांवर होते, आबा."

"मग बोलली का नाहीस, पोरी? का नाही बोललीस?"

"सगुणा नुकतीच गेली होती, आबा..." आणि आता मात्र तिचा बांध फुटला. "तुमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मला वाटलं, एवढं तरी तुमच्याकडे राहू द्यावं!"

संभाजीराव फटफटीवरून उतरले. ते लेकीकडे गेले नाहीत. तेवढं बळ त्यांना अजून आलं नव्हतं. ते आधी मधूपाशी गेले, धुळीत गुडघे टेकून बसले आणि त्याचा आखूड पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"मधू, हे तुझ्या ताईनं केलं नाही. हे मी केलं. ऐकलंस? मी केलं... आणि आळ तिनं अंगावर घेतला."

मधूनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. रडणारी मोठी माणसं पाहून तोही रडवेला झाला. पण त्याला एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती, आणि ती त्यानं विचारून टाकली.

"मतलब... आता शिकवणार नाही?"

त्या अश्रूंमधून संभाजीरावांना हसू फुटलं! "शिकशील. पण माझ्याकडून नाही. माझ्या हातांत घोडा मुरलाय, बाळा. तो आता या जन्मी निघायचा नाही." मग ते उठले, आणि ज्या लेकीला त्यांनी घरात असून बेघर केलं होतं, तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "माझ्या लेकाला शिकवशील, राजा?"

"आबा, हात नका जोडू!" तिनं ते हात धरले. आणि धरल्यावर दोघांनाही सोडवेनात.

त्या संध्याकाळी कंपूवर राजलक्ष्मीनं पुन्हा चकरा मारल्या. आधी एकटीनं, अडखळत, मग सरावानं, मग मधूला पुढं घेऊन. संभाजीराव मैदानाच्या कडेला बसून बघत होते. भोपाळला गेल्यावर साहेबांना सांगायचं, टपाल दुसऱ्या कुणाला द्या, मला दाराशी स्टुलावर बसवा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. फटफटी इथंच राहील. उन्हं उतरली, तेव्हा राजानं ती त्यांच्यापुढं आणून उभी केली.

"घरी चला, आबा. तुम्ही मागं बसा."

दुसऱ्या कुणाच्या पाठीमागं बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. बसले खरे, पण हातांचं काय करावं हेच त्यांना उमगेना.

"माझ्या खांद्यांवर ठेवा," ती म्हणाली.

माधवगंजच्या वळणावर एक टांगा अचानक आडवा आला. खांद्यांवरच्या त्या दोन्ही हातांनी तिला करकचून मागं खेचलं... आणि तोवर तिनं मूठ सोडून, ब्रेक दाबून फटफटी उभीही केली होती. अगदी शांतपणे.

काय झालं ते संभाजीरावांच्या ध्यानात आलं. शरमून त्यांनी हात काढून घेतले. राजलक्ष्मीनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं डावा हात मागं नेला, त्यांचा हात चाचपला आणि पुन्हा आपल्या खांद्यावर आणून ठेवला.

"राहू द्या, आबा. ओढा हवं तितकं. इथं काही बिघडत नाही."

टांगा निघून गेला. "ताई, चल ना! रस्ता खाली आहे!" मधू पुढून ओरडला. मागून एक सायकलवाला "बिटिया, आगे बढ़ो!" म्हणत घंटी वाजवू लागला. पण तिच्या पाठीवर एक पांढरं डोकं टेकलं होतं, ब्लाउज भिजत होता, आणि वाट मोकळी होऊनही राजलक्ष्मीनं बराच वेळ ती उजवी मूठ पिळली नाही.