पन्नास फूट मागून

मार्लिस वोंड्राने त्या सकाळी मान वर करून पाहिलं असतं, तर लेलंड शेस्टाकच्या आयुष्यात ती एवढ्या जोरात शिरली नसती.

पण ती पाहत होती फक्त पुढच्या चाकासमोरचे चार हात. जूनचे पहिले दिवस, नेब्रास्काचा तो दांडगा दक्षिणवारा थेट नाकावर, आणि मार्लिस सायकलच्या हँडलवर जवळजवळ पालथी. हँडलच्या मधोमध पुढे निघालेल्या दोन दांड्या आणि मागे कोपरं टेकायला दोन इवल्याशा गाद्या – तिचे एरोबार. त्यांवर कोपरं टेकली की पाठ सपाट होते, डोकं खाली जातं आणि वारा वरच्यावर निघून जातो. मोठं सुख! खोट एवढीच, की ब्रेक राहतात तिकडे लांब, हँडलच्या टोकांना.

तिने मान वर केली तेव्हा समोर एका पिकअपचं उघडं दार होतं.

"बाजूला व्हा!" ती ओरडली.

दार काही बाजूला झालं नाही. मग तीच झाली. रस्त्याकडेचा चर ओलांडून सायकल धडधडत शेतात घुसली आणि मार्लिस कोवळ्या सोयाबीनमध्ये आडवी झाली.

ओळीत गुडघे टेकून बसलेला एक उंच माणूस हातातला कागद सांभाळत धावत आला. त्याचे कान उन्हाने लाल झाले होते... की मुळातच लाल होते, कोण जाणे.

"लागलं का कुठे?"

"आधी सायकलचं काय झालंय ते बघा."

त्याने सायकलकडे पाहिलंच नाही. तिच्या अंगाखालच्या ओळीकडे पाहिलं आणि ओठ हलवत काहीतरी मोजलं. "अकरा."

"काय अकरा?"

"रोपं. मी पीकविम्याचा सर्व्हेअर आहे, गारपिटीचं नुकसान मोजतोय. यांचा विमा गारांचा आहे हो. सायकलचा नाही."

"मग लिहा ना, एक मोठी गार पडली म्हणून."

त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही. "किती मोठी लिहू? दीडशे पौंडांची?"

"एकशे तीस! मोजायची नोकरी करता ना तुम्ही?"

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, पण तीनच बोटांनी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कुणा दुसऱ्याच्या हाताची असल्यासारखी बाहेर राहिली.

"या दांड्या कशाला बसवल्यात?" सायकल उभी करत त्याने विचारलं. "शर्यतीला उतरता?"

"हौस."

"ब्रेक हाताशी असावेत माणसाच्या..."

"उपदेशही विम्यातच येतो का?" असं म्हणून ती सायकलवर बसली आणि निघाली. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पहिल्या खांबाशीच तिने बघितलं. तो तसाच उभा होता, हातात कागद, आणि मोजायचं विसरलेला.

शनिवारी सकाळी पेट्रोल पंपासमोर सायकल क्लब जमला. गावात मार्लिस नवी होती. शाळेत संगीत शिकवायला लिंकन शहरातून येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि आतापर्यंत तिची ओळख झाली होती ती पोस्टातून निवृत्त झालेल्या नॉर्बर्टकाकांशी. सत्तरी ओलांडलेले नॉर्बर्टकाका अजूनही गावभर बातम्या वाटत, फक्त पाकिटं नसत.

"ये गं पोरी! कॅप्टनला भेट," ते म्हणाले. कॅप्टन वळला. आधी कान दिसले... आणि मार्लिसने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"गार!" लेलंडच्या तोंडून निघून गेलं. मग त्याची नजर तिच्या हँडलवर गेली आणि चेहरा एकदम सरकारी झाला. "माफ करा, पण आमचा नियम क्रमांक सात आहे. घोळक्यात एरोबार चालत नाहीत."

"का?"

"आपण एकामागे एक जातो, चाकाला चाक लावून. पुढच्याने ब्रेक मारला, तर तुमचे हात दांड्यांवरून ब्रेकपर्यंत यायला एक सेकंद जाणार. त्या एका सेकंदात सगळी रांग एकमेकांच्या अंगावर."

हे तिला माहीत होतं. म्हणून तर जास्त राग आला.

"वेगाचं वेड, दुसरं काय," कुणीतरी म्हणालं. "एकेकट्याने घड्याळाशी झगडतात त्यांचं काम ते. नाहीतर ते पोहून, सायकल मारून वर पळतात, त्यांचं."

"माझ्या भाच्याने फक्त फोटोपुरते बसवले होते," नॉर्बर्टकाका म्हणाले. "फोटो मात्र झकास आला."

"तुम्ही ते काढून या," लेलंड म्हणाला. आवाजात आर्जव होतं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही काढणार."

"मग... पन्नास फूट मागे राहावं लागेल."

"राहीन."

घरी परत जाता आलं असतं तिला. पण घर म्हणजे दोन खोल्या आणि एक अकॉर्डियन. माणसं पन्नास फुटांवर का होईना, होती तरी.

पहिल्याच शनिवारी दहा मैलांवर लेलंड रांगेतून मागे आला, अंतर तपासायला.

"चाळीसच आहे!" तो पुढून ओरडला. वारा इतका होता, की साधं बोलणं दोन हातही जाईना.

"टेप आणलीय का?"

"नजरेने कळतं मला!"

"दीडशे पौंड कळले तसे?"

पुढच्या शनिवारी तो दोनदा मागे आला. त्यापुढच्या शनिवारी कॅप्टन रांगेत दिसलाच नाही. तो सगळा वेळ 'अंतर तपासत' होता. या ओरडाओरडीत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. वाऱ्यात लहान शब्द बरे पडतात, असं मार्लिसने स्वतःला समजावलं. त्याला खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, आवडतात, आईच्या हातचे आवडत नाहीत पण हे आईला सांगायची छाती नाही, सात वर्षं लोकांचं नुकसान मोजून मोजून त्याला जिथे तिथे अपघातच दिसतात – हे सगळं तिला असंच कळलं, सुट्या सुट्या शब्दांत. आणि तिच्याबरोबर सगळ्या क्लबलाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तो ओरडला, "एक विचारू? खरं सांग! त्या दांड्या कशासाठी?"

मग कसं कोण जाणे, तिला सांगावंसं वाटलं. "बोटं सुन्न होतात!"

"काय?"

"सुन्न! सुन्न होतात!"

"सून? कोण सून होतंय?"

"अरे, मी! माझी..." पुढचं वारा घेऊन गेला.

रांगेच्या शेपटाला नॉर्बर्टकाका होते. त्यांचे कान सत्तरीतही शाबूत होते, म्हणजे अर्धे. त्यांनी पुढच्याला सांगितलं, "ती शेस्टाकांची सून होतेय म्हणे." पुढच्याने त्याच्या पुढच्याला. चाकाला चाक लागलेलं असल्यामुळे बातमी झपाट्याने पुढे गेली.

कॉफीसाठी सगळे थांबले, तेव्हा मार्लिसला तिघींनी मिठी मारली. कॉफीवाल्या बाईने तिच्या बशीत न मागता गोड पाव ठेवला. आणि तेवढ्यात लेलंडचा फोन वाजला.

"आई, नाही... अगं नाही! कोण म्हणालं? नॉर्बर्टकाका? ...नाही, रविवारी जेवायला नाही आणत मी तिला! ...बदक कशाला भाजतेस? ...आई!"

मार्लिस बाहेर जाऊन भिंतीच्या सावलीत बसली. हसावं की पळून जावं? थोड्या वेळाने तो आला आणि तिच्यापासून अंतर ठेवून बसला – पन्नास फूट नाही, पण चारेक होतं.

"नक्की काय म्हणाली होतीस तू?"

इथे वारा नव्हता. ओरडायची सोय नव्हती. तिने उजवा हात पुढे केला आणि शेवटची दोन बोटं हलवून दाखवली. ती हलली, पण उशिरा, झोपेतून उठवल्यासारखी.

"सुन्न होतात. सायकलच्या हँडलवर तळव्याचा भार पडतो ना, त्याखाली एक नस असते. डॉक्टर म्हणाले, सायकल तरी सोड नाहीतर अकॉर्डियन तरी. मला दोन्ही हवं होतं. एरोबारवर भार कोपरांवर येतो, तळवे मोकळे राहतात... म्हणून ते. वेगाचं मला काही नाही रे."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"लिंकनच्या बँडमध्ये सांगितलं होतं. फार चांगली माणसं. आधी म्हणाली, अवघड गाणी तू नको वाजवूस. मग माझ्या शेजारी एक मुलगी आणून बसवली, असू दे म्हणून. शेवटी ती वाजवायची आणि मी तिची पानं उलटायची. इथल्या बँडने मला ऑगस्टच्या जत्रेत घेतलंय. त्यांना यातलं काही माहीत नाही."

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. "त्या दिवशी शेतात तू तीन बोटांनीच हात धरला होतास," तो म्हणाला. "मला वाटलं, मी आवडलो नाही."

"ते वेगळं. दहाही बोटांनी हात धरला असता तरी ते कळलं नसतं तुला."

त्याचे कान पेटले. मग तो हळूच म्हणाला, "मी नियम बदलून घेतो."

"नियम बरोबर आहे, लेलंड."

"तेच तर वाईट आहे," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी पेट्रोल पंपावर कॅप्टनची शिट्टी नॉर्बर्टकाकांच्या गळ्यात होती आणि ते ती कारण नसताना वाजवत होते. लेलंड एका बाजूला उभा होता. त्याच्या सायकलला नवेकोरे एरोबार होते – तेही उलटे. दांड्यांची टोकं आकाशाकडे, गाद्या एकमेकींवर चढलेल्या.

"हे काय आहे?"

"एरोबार."

"हे हरणाचं मुंडकं आहे. कशाला बसवलेस? वेगासाठी की हातांसाठी?"

"नियम सातसाठी," तो म्हणाला. "एरोबारवाल्यांनी मागे राहायचं असतं ना."

मार्लिसने एलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची षट्कोनी किल्ली, काढली आणि ती कामाला लागली. क्लब निघून गेला, शिट्टी लांब लांब गेली. दांड्या सरळ झाल्या, तशी ती म्हणाली, "बस." तो बसला. ती पुढचं चाक गुडघ्यांत धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"कोपर इथे. नाही, आत घे." तिने त्याचं कोपर धरून गादीवर ठेवलं आणि हात काढायचा राहून गेला. "खाली बघू नकोस. समोर बघ."

"समोर तू आहेस."

"म्हणूनच सांगतेय."

दोघांत एक वीत अंतर उरलं होतं. त्याचे दोन्ही हात दांड्यांना घट्ट, सुटका नाही.

"मार्लिस, मी सगळीकडे अपघात शोधतो, हे तुला माहीत आहे," तो म्हणाला. "पण तू माझ्यासमोर पडलीस, तेव्हापासून मला तो अपघात वाटतच नाहीये. मला तू आवडतेस. फार. आता बोल."

तिने एलन की खिशात टाकली. चाक सोडलं. "आज चाळीस मैलांची फेरी आहे ना? फेरी संपली की सांगते."

त्या दिवशी वारा उत्तरेकडून होता, पाठीला. रस्ता दक्षिणेकडे सरळ, दोन्ही बाजूंना छातीएवढा मका. लेलंड पहिले पाच मैल थरथरत गेला, मग सावरला. दोघंच होते, रस्ता रिकामा, शेजारी शेजारी चालवायला कुणाची हरकत नव्हती. तिने त्याला जत्रेत वाजवायची पोल्का नाचाची धून तोंडाने म्हणून दाखवली. बोटं गादीच्या पुढे हवेत नाचत होती. आठवडाभर एकदाही सुन्न झाली नव्हती. तो भयंकर बेसूर साथ देत होता. ती हसली, तिची सायकल डगमगली, तो घाबरून ओरडला, आणि मग दोघंही हसले.

बऱ्याच वेळाने लेलंडने मान वर केली. रस्त्याकडेला एक मोठी पाटी होती. त्याने दोन्ही ब्रेक दाबले.

"मार्लिस... आपण कॅन्ससमध्ये आलोय. दुसऱ्या राज्यात!"

"आलोय खरं."

"धान्याच्या कोठारांपाशी वळायचं होतं! अकरा मैल मागे! ती कोठारं पांढरीशुभ्र आहेत, पंधरा मजली... मला दिसली कशी नाहीत? तुलाही नाही दिसली?"

ती बाटलीतलं पाणी प्यायली. तिने टोपण लावलं. ते नीट बसलंय ना, हे जरा जास्तच वेळ बघितलं.

"दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"वळलो असतो तर फेरी संपली असती," मार्लिस म्हणाली.

अर्थ पोचायला त्याला एक सेकंद लागला, पुरता एक सेकंद. मग त्याने सायकल तशीच सोडून दिली. ती नव्याकोऱ्या दांड्यांसकट रस्त्यात आडवी झाली, आणि सर्व्हेअरसाहेबांनी नुकसान बघायला मानही वळवली नाही.