कानिशायची पाठवणी

ठरलेली गाडी काझारमान गावाच्या अलीकडेच बंद पडली. कानिशायला सासरी न्यायला दारात येऊन उभी राहिली ती एक जुनाट, धुळीनं माखलेली जीप.

"नवरीला ह्यातून नेणार?" तिच्या वहिनीनं नाक मुरडलं.

ड्रायव्हर नुसता हसला. त्या हसण्यानं कानिशायची मान आपोआप वर झाली आणि तिला स्वतःचाच राग आला. लग्नाला निघालेल्या मुलीनं असं बघायचं असतं का!

पाठराखीण म्हणून आलेली वहिनी पहिल्याच घाटात गाडी लागून मागच्या सीटवर आडवी झाली. पुढे ही दोघं.

"दादा, जरा सावकाश..."

"दादा नको. कुबान म्हण."

"ड्रायव्हरला नावानं हाक मारू?"

"मग काय, साहेब म्हणणार?"

ती खुदकन हसली. मग दिवसभर तिनं ते नाव शंभरदा घेतलं. कुबान, खड्डा! कुबान, पाणी दे ना. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, तिला कळलंसुद्धा नाही.

दुपारी उंचावरच्या कुरणांतून मेंढ्या खाली उतरत होत्या. रस्ताभर मेंढ्याच मेंढ्या. त्यानं इंजिन बंद केलं आणि खिशातून कुरुत काढून तिच्या तळहातावर ठेवले... दह्याचे खारट, दगडासारखे गोळे.

"चावू नकोस. दात पडला तर नवरा परत पाठवेल."

"पाठवू दे की!"

बोलून गेली आणि तिनं घाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर धूळ, ओल्या लोकरीचा वास, कुत्र्यांचं भुंकणं. त्याची बोटं तिच्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळली होती.

"ह्या मेंढ्या संपूच नयेत," ती म्हणाली.

"सासर नाही बघायचं?"

"त्यात काय बघायचं? चूल, भांडी, सासू. हा रस्ता मात्र मी जन्मात पहिल्यांदा बघतेय, कुबान."

तो हसला नाही. नवरा मुलगा, मेदेर, तिनं दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा तो चहात साखर ढवळत बसला होता. वाईट नव्हता बिचारा.

शेवटच्या खिंडीत कुबाननं जीप थांबवली. मागे वहिनी गाढ झोपली होती, खाली गाव दिसत होतं.

"मी ड्रायव्हर नाहीये, कानिशाय. मेदेरचा थोरला भाऊ. सहा वर्षं सैबेरियात होतो... परवाच आलो."

सुनेनं थोरल्या दिराचं नाव तोंडातून काढायचं नसतं. कधीच नाही, मरेपर्यंत नाही.

"आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मान खाली घालून बसली असतीस. अशी हसली नसतीस."

"फसवलंत मला तुम्ही. आता गाडी वळवा."

"कानिशाय..."

"कुठंही न्या. मला कुठं पोचायचंच नाही!"

त्यानं खाली गावाकडे बोट दाखवलं. "मेदेर सकाळपासून फाटकात उभा असेल. बाप गेल्यावर मी वाढवलाय त्याला."

"आणि मी?"

गिअर पडला, गाडी उताराला लागली. इतका भेकड माणूस तिनं पाहिला नव्हता. आणि इतका आवडलाही कुणी नव्हता.

दारात सासूनं तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधला. बायकांनी खाऊ उधळला आणि रीतीप्रमाणे तिला घेरलं.

"सूनबाई, खरं नाव तर घ्यायचं नाही, मग थोरल्या दिरांना काय म्हणणार? ठेव बघू एक छानसं नाव!"

तो जीपमागे तिची ट्रंक उतरवत होता. तिनं त्याच्याकडे डोळे भरून बघितलं.

"पोचवणारे," ती म्हणाली.

बायका खळखळून हसल्या. आणायला गेला होता ना, अगदी शोभतंय म्हणाल्या. मेदेरही भोळेपणानं हसला. कुबान ट्रंक खांद्यावर घेऊन, कुणाकडेही न बघता आत गेला. त्या दिवसापासून तिच्या तोंडी त्याला दुसरं नाव उरलं नाही.