मोठ्या घंटेची पट्टी

राइनहिल्ड गेली त्या शनिवारी मी चौकात कोंबड्या भाजत होतो. अकरा चाळीसला मनोऱ्यावरच्या घंटा वाजता वाजता मध्येच थांबल्या. बाजारात कुणी मान वर केली नाही. वाजवणारी राइनहिल्ड, माझी बायको, आणि ती वाटेल तेव्हा कॉफीला थांबते हे आम्हा ठेलेवाल्यांना तीस वर्षं ठाऊक.

"स्ताफ, तुझी बायको दमली रे!" शेजारची फुलवाली मारिएट ओरडली.

"दमतेय कसली! तांदळाचा टार्ट नेलाय वर. आता तासभर कानांना सुट्टी."

लोक हसले. मीही हसलो.

साडेबाराला मनोऱ्याचा रखवालदार खाली आला. ती वाजवायच्या बाकाखाली पडली होती म्हणाला, उजवा हात पुढे ताणलेला. डॉक्टरने सांगितलं, पडल्यावर अर्धा-पाऊण तास जिवंत असावी. हे मला कशाला सांगितलं त्याने?

वर मोबाइल लागत नाही, भिंती दोन मीटर जाड. तिने तीनदा लिहून फोनची तार मागितली होती. नगरपालिकेचं उत्तर माझ्याकडे आहे: वारसा वास्तू, भिंतीला भोक पाडता येणार नाही. अंत्यविधीला मात्र त्यांनी पुष्पचक्र पाठवलं, एवढं मोठं की दारातून तिरकं करून आत घ्यावं लागलं. मी ते तसंच तिरकं करून बाहेर फेकलं.

तिच्या जागी वाउटर आला. पन्नाशीचा, सज्जन माणूस. मी त्याच्याशी बोलत नव्हतो, कारण तो तिच्या बाकावर बसायचा. पाचव्या शनिवारी बाजार भरात असताना घंटा थांबल्या आणि तो धापा टाकत माझ्यासमोर आला.

"वर चल."

"गिऱ्हाइकं आहेत."

"मारिएट बघेल. चल म्हणतो ना!"

वर मुठीने मारायच्या लाकडी दांड्या आहेत, त्यांच्या खाली पायाने दाबायच्या पट्ट्या. वाउटरने अगदी डावीकडची पट्टी दाखवली. मोठ्या घंटेची. बाजाराच्या वादनात तिला कुणी हात लावत नाही. ती आगीची, पुराची. तिचा एक टोला पडला की चौकातल्या माणसाने हातातलं टाकून मनोऱ्याकडे धावायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत.

पट्टी बोटभर खाली दबलेली होती. तिच्यावर कुणाचा पाय नव्हता.

"मागच्या शनिवारी याच्या निम्मी होती," वाउटर म्हणाला. "अकरा चाळीसला दबायला लागते. साडेबारापर्यंत तशीच. मग सुटते."

"पट्टीपासून घंटेपर्यंतची तार अडकत असेल."

"दोनदा बदलली."

मी गुडघ्यांवर बसलो आणि पट्टी खालून वर ढकलली. हलली नाही. उभा राहून टाचेने दाबली. खालीही जाईना. लाकूड थंड होतं, फक्त पुढच्या टोकाला तळहाताएवढी जागा उबदार. किंचित ओलसर.

मला संताप आला. नगरपालिकेचा नाही, स्वतःचाही नाही. तिचा.

"जोर लाव!" मी ओरडलो. "तीस वर्षं मुठी आपटल्यास ना? मग लाव जोर!"

वाउटरने तोंड फिरवलं.

पट्टी थरथरली.

आणि केसभर खाली गेली.

पट्टीची गोष्ट नगरपालिकेच्या कानावर गेली. पुढच्या आठवड्यात तिथली बाई ठेल्यावर आली. मोठ्या घंटेची तार कापायचं ठरतंय म्हणाली.

"उगाच टोला पडला तर लोक घाबरतील हो, साहेब."

"घाबरू देत. तेव्हा घाबरले नाहीत म्हणून तर ती मेली."

"तुमचं दुःख आम्ही समजतो."

"काही समजत नाही तुम्हाला. तार कापायला माणूस पाठवा, मी जिन्यात आडवा पडतो. मला ओलांडून जाऊ दे त्याला."

अजून कुणी आलेलं नाही. शनिवारचा ठेला मी बंद केला. अकराला जिना चढतो आणि पट्टीजवळ जमिनीवर बसतो. मी दाबत नाही. माझ्याने दबत नाही.

काल वाउटर टॉर्च घेऊन वर घंटेपर्यंत गेला. लोलक आणि घंटा यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलंय म्हणाला. खाली बाजार चालला होता. मारिएट कुणाला तरी भाव सांगत होती.

टोला अजून पडलेला नाही.