जागेवरचा ‘हं’

आमचा अल्बम आडवं पडून ऐकायचा आहे. संगीत माझं, आवाज बायकोचा. ऐकता ऐकता कुणाला डुलकी लागली, तर आम्ही ती दाद समजतो. लहान खोलीत भिंतींना गाद्या लावून तिच्या गाण्याची सोय केली आहे. बाहेरच्या खोलीत मी दिवसभर कानांवर हेडफोन चढवून बसतो. ती येऊन काहीबाही सांगते, मी ‘हं’ म्हणतो. संसार बरा चालला होता.

तिसऱ्या गाण्यात मला तो पहिल्यांदा ऐकू आला. ‘खिडकी उघडीच राहू दे’ ही ओळ संपते आणि मागे कुणीतरी हळूच म्हणतं, ‘हं.’

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा सगळा संशय वायरवर. मी वायर बदलली, माइक बदलला, पंखा बंद केला. घामाघूम झालेल्या बायकोचा पारा चढला, एवढाच फरक पडला. पुढच्या गाण्यात तर दर ओळीमागे ‘हं’ होता.

“तुझाच असेल,” ती म्हणाली.

“मी बाहेर होतो. दार बंद होतं.”

तिनं हेडफोन लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. “खरंच, तुझा नाही,” ती म्हणाली. “हा ऐकून म्हणतोय.”

मला ते झोंबलं. पण तिचं चूक नव्हतं. ओळ संपून ती श्वास घ्यायची, नेमक्या त्या फटीत तो पडायचा. उदास ओळीला जरा खालच्या सुरात. एका जागी तिनं शब्द चुकवला होता, तिथं तो आलाच नव्हता.

मग ती काम नसतानाही आत जाऊन बसू लागली. “रियाज,” म्हणायची. एकदा माइक चालू राहिला होता. रियाज कसला, गप्पा चालल्या होत्या. शब्द एकाच बाजूचे, दुसऱ्या बाजूला नुसता ‘हं’.

“अल्बम झाला की ताईकडे राहायला जाणार मी. कायमची. त्याला दोनदा सांगितलं. ‘हं’ म्हणाला.”

भूत राहिलं बाजूला, ही जाणार होती!

मी हेडफोन कपाटात कोंडले आणि स्वयंपाकघरात तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. “बोल. सगळं सांग.”

कांदा चिरता चिरता ती थांबली. “बरं वाटत नाहीये का तुला?”

“अगं, बोल तर.”

ती बोलू लागली. मी जिवाचा कान करून ऐकत होतो.

“ताईला कळवलं, येत नाही म्हणून,” शेवटी ती म्हणाली. “घरात ऐकणारं कुणी असलं, की कशाला जायचं?”

माझा जीव भांड्यात पडला. मी अगदी मनापासून म्हटलं, “हं.”

ती खळखळून हसली. “अरे, दोघांनी एकदम नका ना म्हणू!”

एकदम नव्हतं ते. माझे कान तयार आहेत.

त्याचा बरोबर जागेवर पडला होता. माझा किंचित मागे.