चौदावी विनंती

तिसऱ्या सत्रात आम्हाला प्रत्येकी एक प्रकल्प मिळाला. ज्यांचा जीव कॅमेऱ्यात त्यांना माहितीपट, ज्यांचं तोंड थांबत नाही त्यांना थेट प्रक्षेपण, आणि मला, वर्गात फारशी न बोलणारीला, टेपांची खोली.

आमचं विद्यापीठ ख्रिस्ती. चित्रपट आणि प्रसारण विभाग आणि चॅपल यांच्यामध्ये एकच भिंत होती. बुधवारच्या उपासनेतलं गाणं आमच्या ध्वनिमुद्रणात झिरपायचं, आणि सर म्हणायचे, "देवाला विचारून बघा, जरा हळू म्हणता येईल का."

माझं काम सोपं होतं. विद्यापीठाच्या रेडिओवर एकेकाळी 'सकाळची प्रार्थना' नावाचा बारा मिनिटांचा कार्यक्रम लागायचा. तो एकतीस वर्षांपूर्वी एका फादरनी केलेला. फादर कधीच गेले, टेपा राहिल्या. जुन्या टेपा चिकट होतात, म्हणून आधी त्या एका छोट्या भट्टीत आठ तास मंद तापवायच्या, मग यंत्रावर लावून संगणकात उतरवायच्या आणि कशात काय आहे ते वहीत लिहायचं. हेडफोनचा स्पंज इतका जुना होता की काम संपेपर्यंत कानांवर काळा चुरा जमायचा.

फादरांचा आवाज कोरडा, घाई नसलेला. शेवटच्या तीन मिनिटांत ते लोकांसाठी प्रार्थना मागायचे. नाव कुणाचंच घ्यायचे नाहीत. "एका शिक्षिकेसाठी, जिची झोप उडाली आहे. एका आईसाठी, जिचा मुलगा पत्राला उत्तर देत नाही." मी एकेक विनंती मोजून लिहीत होते. एकोणिसाव्या टेपमध्ये त्या चौदा भरल्या. चौदावी अशी होती:

"शाळेची बस चालवणाऱ्या एका बापासाठी, ज्याच्या डाव्या डोळ्यापुढे सावली येते. त्याने घरी सांगितलेलं नाही. त्याच्या मागे बत्तीस मुलं बसतात."

माझे बाबा शाळेची बस चालवतात. बत्तीस आसनांची. पण जगात तशा बस काय कमी आहेत? टेपच्या डब्यावर माझ्या जन्माच्या अकरा वर्षं आधीची तारीख होती. मी विनंती वहीत लिहिली आणि विसावी टेप लावली.

"त्याच बापासाठी," फादर म्हणाले, "ज्याला काल वळणावर सायकलवरची बाई दिसली नाही."

दुपारी बारा ते दोन बाबांची बस उभी असते. मी फोन केला.

"बाबा, काल वळणावर काय झालं?"

मागे कुणीतरी नळ बंद केल्याचा आवाज आला.

"पडली नाही ती," बाबा म्हणाले. "नुसती घाबरली. तुला कोण बोललं?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

टेपांची खोली एका पन्नाशीतल्या सिस्टरांच्या ताब्यात होती. मी त्यांना विचारलं, फादर हे सगळं कुठून वाचायचे. "लोक पत्रं पाठवायचे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तारखेवार लावलेली फाइल काढून दिली. मी वही शेजारी ठेवून ताडून पाहिलं. एकोणिसाव्या टेपच्या दिवशीची पत्रं तेरा. तेराच्या तेरा जुळली. दुसऱ्या दिवशीची नऊ, विनंत्या दहा. त्याआधीच्या दिवशीची अकरा, विनंत्या बारा.

"सिस्टर, ही रोज एक जास्तीची विनंती कुठली?"

त्यांनी फाइलीची दोरी बांधली.

"यंत्र मीच चालवायचे तेव्हा. तुझ्याएवढी होते. काचेतून दिसायचं, शेवटचं पत्र झालं की फादर कागद उलटायचे. मागची बाजू कोरी असायची. तरी वाचायचे."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"एकदा विचारलं. म्हणाले, मीही ऐकूनच सांगतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती टेपची नव्हती, बत्तीस मुलांची होती. सकाळी मी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. बाबांना न विचारता, त्यांच्या पाठीमागे. फक्त एवढंच म्हणाले की त्यांचे डोळे तपासून घ्या.

तपासले. डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. सव्वीस वर्षं चालवलेली बस त्याच दिवशी हातातून गेली. आठवड्याने शस्त्रक्रिया झाली. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. माझी चाहूल लागताच त्यांनी मान भिंतीकडे वळवली. आई मला बाहेर घेऊन आली. "डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात," ती म्हणाली. "पण बाबा म्हणतात, पोरीने माझ्या हातातलं चाक काढून घेतलं. त्यांना थोडे दिवस दे."

मी परत आले. अकरा टेपा उरल्या होत्या. त्या मी ऐकू शकत नाही, असं सिस्टरांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, डबे उचलून कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. सरांनी प्रकल्प अपूर्ण म्हणून गुण कापले. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, बाबांचा फोन आला. त्यांनी आपणहून केलेला पहिलाच.

"जेवलीस?"

मला रडू फुटलं. मी हो म्हणाले. पट्टी निघाली होती, नजर स्वच्छ होती, घरात बसून कंटाळा येत होता. मग बाबा म्हणाले, "एक बरं होतं बघ. वॉर्डात रोज सकाळी कुणी फादर लागायचे. आपल्याला त्यातलं काय कळतंय, पण माणूस शांतपणे बोलायचा."

टेपांबद्दल मी घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

"कुठे लागायचे, बाबा?"

"असेल कुणाचा रेडिओ. माझ्या डोळ्यांवर पट्टी, मला काय दिसणार? आता घरीही लागतात. तुझी आई म्हणते, तिला ऐकू येत नाही."

"काय बोलतात ते?"

"लोकांसाठी मागतात. बाकीचे बदलतात, शेवटची रोज तीच. कोण एक मुलगी आहे, परगावी शिकते. तिला अजून कळलेलं नाही म्हणे."

"काय कळलेलं नाही?"

"ते कुठे सांगतात," बाबा म्हणाले. "नुसतं मागतात. आज दोनदा मागितलं."