भावजींची गोगलगाय

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, बरंचसं. थोडं तिखटमीठ माझं. कुठलं ते शेवटी सांगतो.

भावजी चष्मा घरी विसरले, म्हणून ताईने मला छापखान्यात पिटाळलं. प्राणिशास्त्राचं एक जुनं पाठ्यपुस्तक पुन्हा छापायचं होतं. त्यातली चित्रं भावजी लाकडी ठशांवर कोरत. ठसा उलटा कोरायचा, म्हणजे छाप सुलटा उठतो. गोगलगायीचा शंख टोक वर करून धरला, तर तोंड उजवीकडे येतं. भावजींच्या छापात ते दोनदा डावीकडे आलं होतं. "तिसऱ्यांदा आलं तर घरी बसा," असं मालकाने सुनावलं होतं.

मागच्या खोलीत दुपारीच तिन्हीसांजा झालेल्या. शाईचा वास, रॉकेलचा, आणि खाली कुठेतरी ओल्या मातीचा.

"या मेहुणे," भावजी मान वर न करता म्हणाले. "चित्रं बघूनही नापास झालात ना या विषयात? आता तरी बघा. ठसा बरोबर आहे?"

आरशात धरला. तोंड उजवीकडे. मग शाई लावून कागद दाबला, उचलला...

डावीकडे.

"ती वळत नाही," भावजी म्हणाले. आवाजात भीती नव्हती, नुसता शीण. "म्हणते, कुणीतरी वळायला हवं... ती नाहीतर मी."

उघड्या पुस्तकातून काहीतरी ओलं सरपटल्यासारखा आवाज आला. भावजींनी त्यातल्या गोगलगायीवर अंगठा टेकला, डोळे मिटले.

"छापा आता."

छापलं. तोंड उजवीकडे! मालकाने पाठ थोपटली. नोकरी वाचली.

घरी ताईने दार उघडलं, हसली, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"अरे," ती माझ्या कानाशी पुटपुटली, "यांचा तीळ... उजव्या गालावर होता ना?"

भावजी डाव्या हाताने चष्मा काढत होते. "दमलोय गं," एवढंच म्हणाले.

आता कबुली. पुस्तकातून आवाज आला, ते मी रचलं. आवाज नव्हता, नुसता वास होता.

तिळाचं मात्र खरं. आरशात भावजी अगदी पूर्वीसारखे दिसतात. म्हणून ताई हल्ली त्यांच्याकडे पाठ करून, आरशात बघूनच बोलते.